विहिरीतली समुद्राची देवळी

नांदेडला स्टेशनवरून विद्यापीठाकडे जाताना एका रिक्षावाल्यानं मला विचारलं होतं, “मॅडम, तुमी कायच्या मास्तरीण?” मी म्हटलं, मास्तरीण नाही, प्रयोगशाळा सांभाळते. “कायची?” जुन्या समुद्राची, असं मी सांगितलं. त्यानं आरशातून माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मग म्हणाला, “इथं नळाला पानी कवा येतंय त्याचा पत्ता न्हाई, अन् तुमी समुद्र शोधून राहिलात व्हय?”

प्रश्न इतका रास्त होता की सबंध नोकरीभर मी त्याचं उत्तर देत राहिले. सासरी दिलं, माहेरी अहमदपूरला दिलं, बँकेत दिलं, लग्नाच्या पंगतीत दिलं. आता निवृत्त झाल्यावर दिवाळी अंकाच्या निमित्तानं एकदाच सविस्तर देते, म्हणजे मी सुटले.

तर धंदा असा. मॉलिब्डेनम नावाचा एक धातू आहे. नावाला घाबरू नका, मीही पहिलं वर्षभर घाबरत होते. समुद्राच्या पाण्यात तो अगदी जरासा विरघळलेला असतो. त्याचे काही अणू किंचित जड असतात, काही किंचित हलके. जुळ्या भावांतला एक जरा अंगानं भरलेला असावा, तेवढाच फरक. समुद्रात प्राणवायू भरपूर असला की तळावर मँगनीजची काळी पुटं चढतात, आणि ती हलके अणू आपल्याकडे ओढून घेतात. पाण्यात जड जास्त उरतात. मग कुठल्या तरी कोंदट कोपऱ्यात, जिथं प्राणवायू पोचत नाही आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, तिथल्या काळ्या चिखलात हे पाण्यातले अणू जसेच्या तसे जाऊन बसतात. चिखलाचा दगड होतो. कोट्यवधी वर्षांनी आमच्यासारखं कुणी तरी तो दगड आम्लात विरघळवतं, त्यातला हा धातू वेगळा काढतं आणि जड-हलक्याचं प्रमाण मोजतं. त्यावरून तेव्हाच्या समुद्राला श्वास किती होता, हे कळतं. पृथ्वीवर किडामुंगीसुद्धा नव्हती तेव्हाचा श्वास!

लोक लगेच विचारतात, मराठवाड्यात समुद्र कुठून आणला? आणायला कशाला हवा, तो इथंच होता. आपल्याकडे जिकडेतिकडे काळा पत्थर, म्हणजे लाव्हाचा दगड. पण इस्लापूरच्या पुढे किनवट ओलांडून तेलंगणाच्या हद्दीकडे उतरायला लागलं की ही काळी गोधडी विरत जाते आणि खालचं जुनं अंथरूण दिसू लागतं. सहल काढून लोक सहस्रकुंडाचा धबधबा पाहतात, भजी खातात आणि मागे फिरतात. आमची जीप तिथं थांबत नसे. आमचे ड्रायव्हर बलदेवसिंग प्रत्येक वेळी धबधब्याच्या फाट्यावर गाडी हळू करायचे आणि आशेनं माझ्याकडे बघायचे. मी पुढे हात दाखवायचे. निवृत्तीच्या आदल्या महिन्यात मी त्यांना भजी खाऊ घातली, हे इथं नमूद करून ठेवते.

माझं काम दगड फोडण्याचं नव्हतं, स्वच्छतेचं होतं. आम्ही जो धातू मोजायचो तो इतका थोडा असे की साधी धूळ जरी पडली तरी समुद्राचं गणित फिसकटायचं. म्हणून एक बंद खोली, गाळलेली हवा, पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन केलेलं आम्ल, सगळी भांडी प्लॅस्टिकची. आत धातूची वस्तू न्यायची नाही. अंगठी, घड्याळ, पिना, बांगड्या, सगळं बाहेर. डोक्याला तेल नाही, डोळ्यात काजळ नाही, तोंडाला पावडर नाही. खोलीबाहेर मी एक लाकडी खुंट्यांची फळी लावून घेतली होती. त्यावर माझं मंगळसूत्र दिवसभर लटकत असायचं. सासूबाई एकदा खोली पाहायला आल्या, ते दृश्य पाहिलं आणि जागच्या जागी बसल्याच. “नवऱ्याला खुंटीला टांगून समुद्र बघायलीस!” असं त्या पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगत. नवरा माझा हसून वेळ मारून न्यायचा.

प्रयोगशाळेची पाटी वाचून येणारी माणसं हा तर वेगळाच विषय. अहमदपूरचे माझ्या वडिलांचे एक स्नेही आभाळातून पडलेला दगड फडक्यात बांधून घेऊन आले. तो साखर कारखान्याच्या भट्टीतला खंगर होता. मी तसं सांगितल्यावर ते फार नाराज झाले आणि “तुमच्या मशिनीचं काय खरं हाय” असं म्हणून दगड परत बांधून घेऊन गेले. त्यांच्या देवघरात तो अजून आहे. मी गेले की आधी त्याच्या पाया पडते, मग चहा मिळतो.

पण मला सांगायची आहे ती शिवलीलाची गोष्ट. माझ्या हाताखाली संशोधन केलेल्या मुलांत शिवलीला सगळ्यात हट्टी. उदगीरची, लिंगायत घरातली. वडिलांचं गूळ-शेंगदाण्याचं दुकान. मुलाखतीच्या दिवशी खोलीचे नियम ती नीट ऐकून घेत होती. मग तिनं गळ्यातली चांदीची डबी ओढणीबाहेर काढून दाखवली.

“मॅडम, यात इष्टलिंग हाय. दीक्षा झाल्यापासून अंगावेगळं केलं न्हाई. करणारबी न्हाई.”

मी काही बोलायच्या आत तिनंच पुढे सांगितलं, “पण डबी चांदीची म्हणजे नुसती शोभा हो. आमची आजी कापडात बांधायची. मी नव्या पांढऱ्या कापडात बांधते, वरून तुमचं प्लॅस्टिक गुंडाळा. डबी खुंटीवर.”

नियमात बसलं, धर्मात बसलं. मंगळसूत्राशेजारी चांदीची रिकामी डबी लटकू लागली. मला मुलगी तिथंच आवडली.

तिचा प्रबंध एका विहिरीवर उभा होता. हद्दीजवळच्या एका गावात नामदेवराव आणि गयाबाई हे शेतकरी जोडपं. त्यांनी उन्हाळ्यात विहीर खोल करायला घेतली, तेव्हा खाली काळ्या, पापुद्र्यापापुद्र्याच्या दगडाचा पट्टा लागला. नामदेवरावांना वाटलं कोळसा. चुलीत घालून पाहिला, पेटला नाही. पेटला नाही म्हणून आमच्यापर्यंत बातमी आली. आम्ही गेलो, शिवलीला विहिरीत उतरली, थराथरानं दगड काढले, खुणा केल्या. त्या फेरीत जीप दुसऱ्याच खडकांनी भरलेली होती, म्हणून विहिरीचे दगड नामदेवरावांच्या ओसरीवर ठेवून आलो आणि दसरा झाल्यावर जाऊन घेऊन आलो. गयाबाईनं ते इतके नीट ठेवले होते, एकावर चिखलाचा ठिपका नाही. खुणेच्या चिठ्ठ्यासुद्धा जागच्या जागी.

नांदेडला पोती उघडली तर दगडांना मुंग्या. आम्ही हसलो. बलदेवसिंगांच्या डब्यातलं काहीतरी सांडलं असेल म्हणून त्यांना बोललो. ते बिचारे शपथा घ्यायला लागले. मुंग्या झटकल्या आणि कामाला लागलो.

पहिली मोजणी आमच्याकडेच झाली. दगडात मॉलिब्डेनम भरपूर निघालं, अपेक्षेच्या कितीतरी पट. समुद्राला श्वास असेल तरच त्याच्या पाण्यात हा धातू असा साठतो. त्या काळातला समुद्र गुदमरलेला होता, असं सगळं जग मानतं. आणि आमच्या किनवटकडच्या विहिरीतला समुद्र म्हणत होता, मी भरभरून श्वास घेत होतो! विभागात पेढे वाटले गेले. विभागप्रमुखांनी परिषदेत वाचायच्या निबंधाचा मथळासुद्धा ठरवला. शिवलीलाच्या वडिलांनी उदगीरहून गुळाची ढेप पाठवली.

जड-हलक्याचं प्रमाण मोजायचं मोठं यंत्र मात्र आमच्याकडे नव्हतं. ते नांदेडला यावं म्हणून मी नोकरीभर अर्ज केले आणि अर्ज करतच निवृत्त झाले. ती खंत आहे, ती राहणार. मोजायला हैदराबादला जावं लागे. महिनोन्महिने राबून काढलेले चार थेंब प्लॅस्टिकच्या कुपीत घालून, कुपी मांडीवर घेऊन रेल्वेनं जायचं. शिवलीला तशीच गेली. परत आली तेव्हा पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, “मॅडम, हा आकडा मी आधी बघितलेला हाय.”

“कुठं?”

“बाटलीवर.”

यंत्राचा काटा बरोबर आहे ना, हे पाहायला बाजारातून विकत आणलेलं मॉलिब्डेनमचं पाणी वापरतात. त्याचं प्रमाण ठरलेलं, माहितीचं. शिवलीलाच्या दगडांचं प्रमाण त्या बाटलीशी तंतोतंत जुळत होतं. वरचा थर असो की खालचा, सगळीकडे तेच. खरा समुद्र असा एकसुरी नसतो. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “हा समुद्र न्हाई मॅडम. हा दुकानातला माल हाय.”

हे तिनं स्वतः सांगितलं, हे लक्षात घ्या. ती गप्प बसली असती तर निबंध वाचला गेला असता, टाळ्या पडल्या असत्या. तिची शिष्यवृत्ती त्या वर्षी संपत होती. हे दगड खोटे ठरले तर हाती काही उरत नव्हतं. वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं की आता पुरे, दुकानात हिशेबाला बस. तरी तिनं सांगितलं. मला त्या क्षणी तिचा अभिमान वाटला.

हैदराबादच्या यंत्रावरच्या साहेबांचा फोन माझ्याकडे आला. माणूस विद्वान, पण निकाल झटकन लावणारा. “घाण तुमच्या खोलीतली आहे. ती मुलगी गळ्यात काहीतरी बांधून आत काम करते म्हणे. ते काढायला सांगा, नाहीतर दुसरा विद्यार्थी बघा.” आमच्या विभागप्रमुखांनीही मान डोलावली. पेढे वाटून झालेल्या माणसाला कुणावर तरी खापर फोडायचं असतंच.

मी तिला काही सांगितलं नाही, पण अशा गोष्टी भिंतीला कळतात. बलदेवसिंगांना तर आधीच कळलेलं. गाडीपाशी मला थांबवून ते म्हणाले, “मॅडम, माझ्या हातातला कडा कुणी काढ म्हणलं तर म्या चावी टेबलावर ठेवून घरी जाईन. त्या पोरीनं का काढावं?”

“काढायला सांगत नाही हो मी.”

“सांगू बी नका,” असं म्हणून त्यांनी दार जोरात आपटलं. जीप सरकारी होती म्हणून बरं.

वाद घालण्यापेक्षा आम्ही कोरी चाचणी लावली. म्हणजे दगड न घालता बाकी सगळं तसंच करायचं. तेच आम्ल, तीच भांडी, तेच हात. शेवटी धातू निघाला तर घाण आपली. खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकानं आपापली चाचणी केली, मी पण केली. शिवलीलाची सगळ्यात स्वच्छ निघाली. माझी तिच्याखालोखाल. विभागप्रमुखांनी हौसेनं स्वतःची करून पाहिली, त्याबद्दल न बोललेलं बरं.

म्हणजे खोली निर्दोष, गळ्यातलं निर्दोष. दगडच बाहेरून बाटून आले होते. पण कुठं? विहिरीत असलं विकतचं मॉलिब्डेनम कोण ओतणार? दिवसचे दिवस डोकं चालेना. एका दुपारी शिवलीला वडिलांनी पाठवलेल्या गुळाचा खडा तोंडात टाकत होती. ढेपेला मुंग्यांची रांग लागली होती. ती चघळायची थांबली.

“मॅडम, दगडाला मुंग्या कशाला लागतील हो? गोड असल्याशिवाय मुंगी येत न्हाई. आमचं आख्खं दुकान त्याच्यावर चालतं.”

ती गुळापर्यंत आली आणि पुढचं मला दिसलं, कारण मी शेतकऱ्याच्या घरची. दसऱ्याच्या पुढेमागे आमच्या अहमदपूरला घरोघर काय चालतं? हरभऱ्याची पेरणी. पेरायच्या आधी बियाला जिवाणूंचं औषध चोळतात, ते चिकटावं म्हणून गुळाचं पाणी लावतात. आणि त्याच पाण्यात कृषी केंद्रातून आणलेली एक पांढरी पावडर घालतात. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींना ती लागते. त्या पावडरीचं नाव अमोनियम मॉलिब्डेट. बाटलीतल्या पाण्यासारखाच तोही कारखान्यात बनलेला माल.

मग शिवलीला हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. चूक सापडल्याचा आनंद आणि दगड हातचे गेल्याचं दुःख, दोन्ही एकदमच आलं होतं.

नवे दगड काढल्याशिवाय उपाय नव्हता आणि विहिरीचा तळ उन्हाळ्यातच उघडा पडतो. मे महिन्याच्या रखरखाटात आम्ही गेलो. गयाबाई ताक घेऊन आल्या. मी विषय कसा काढावा या विचारात असतानाच त्यांनी स्वतःच विचारलं, “बाई, मागल्या बारी दगुड धुऊन दिले व्हते, तसेच देऊ का आवंदा?”

शिवलीलानं पेला खाली ठेवला. “कशात धुतले होते, मावशी?”

“आता चिखलानं भरलेले दगुड पावन्याच्या हाती कसे द्यावं? हरबऱ्याच्या बियाला औषीद लावलं व्हतं. मंग घमेलं खंगाळलं. ते पानी फेकायचं जिवावर आलं बाई, विहिरीवरून डोक्यावर आणलेलं. त्यातच दगुड चांगले घोळून घेतले, उन्हात वाळू घातले.” मग आमचे चेहरे पाहून त्यांचा आवाज उतरला. “का व? चुकलं का काई आमचं?”

मी काहीतरी गुळमुळीत बोलणार होते. शिवलीलानं तसं केलं नाही. ती उठून गयाबाईच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, “मावशी, बियाच्या पावडरीत जो धातू असतो ना, तोच मी दगडात शोधून राहिले. दगड पापुद्र्याचा, पाणी आत मुरलं.”

गयाबाईनं तोंडावर पदर घेतला. “अगं बया! म्हंजी तुजा समुद्र म्या गोड करून ठिवला का काय!”

त्यावर आधी बलदेवसिंग हसले, मग सगळेच. गयाबाई हसल्या पण त्यांना लागलेलं होतं. त्या शिवलीलाचा हात काही सोडेनात. मला वाटतं, जगात दुसरीकडे कुठं ही चूक झाली नसती. जिथं पाणी डोक्यावरून येतं तिथंच घमेलं खंगाळलेलं पाणी सांडताना माणसाचा जीव कळवळतो, आणि तिथंच पाहुण्याला मळका दगड द्यायची लाज वाटते. या दोन चांगल्या सवयींनी मिळून आमचा समुद्र बुडवला होता.

पण खरा धक्का विहिरीवर होता. नामदेवरावांनी विहीर बांधून काढायला घेतली होती. गवंडी तळापासून दगडी कडं रचत वर आला होता. काळ्या पट्ट्याचा खालचा भाग कड्यामागे गेलेला आणि वरचा भाग दुपारपर्यंत जाणार, असं दिसत होतं.

“थांबवता येईल का हो काम?” मी विचारलं.

नामदेवराव शांत माणूस. त्यांनी टोपी काढून घाम पुसला. “मॅडम, मागल्या पावसाळ्यात दरड ढासळली, तवा माजा लेक आत व्हता. नशिबानं वाचला. आता पाऊस तोंडावर आलाय. गवंडी एकदा दुसऱ्याच्या कामाला गेला की दिवाळीपस्तोर येत न्हाई.”

मी शिवलीलाकडे पाहिलं. तिची सगळी मेहनत त्या कड्यामागे चालली होती. ती थोडा वेळ आत वाकून बघत राहिली. मग सरळ उभी राहिली.

“नका थांबवू काका. बांधून घ्या तुम्ही,” ती म्हणाली. “मला पोराचं म्हायती न्हवतं.”

हे बोलताना तिचा आवाज अजिबात हलला नाही. आम्ही जीपकडे निघालो. बलदेवसिंग आमच्याकडे न बघता गाडीची काच पुसत बसले. तेवढ्यात मागून नामदेवरावांची हाक आली. ते विहिरीच्या काठावर ओणवे होऊन गवंड्याशी बोलत होते.

“आमच्या आज्याच्या विहिरीला कड्यात देवळी व्हती रं, कोनाड्यावानी. दिवाळीचा दिवा ठिवायला. तशी हिला बी सोड.”

“सोडतो की वरल्या अंगाला,” गवंडी आतून म्हणाला.

“वर न्हाई. तितंच, काळ्या पट्ट्यापाशी. चांगली मानूस वाकंल येवढी सोड. अन् पाठ बांधू नगंस.”

“पाठ न्हाई तर देवळी कसली मालक? पानी झिरपंल त्यातून!”

“झिरपू दे की. विहीरच हाय ती.”

गवंड्यानं खालून वर बघून कपाळाला हात लावला, पण देवळी सोडली. आजूबाजूचं कडं पक्कं झालं आणि मधे एक चौकट उघडी राहिली, तिच्यात काळा समुद्र. शिवलीला शिडीनं उतरली. लोखंडी छिन्नी नको म्हणून बाभळीच्या पाचरी करून घेतल्या होत्या, त्या पापुद्र्यांत ठोकून तिनं दगड सोडवले आणि तिथल्या तिथं धुतलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरले. काठावर गयाबाई पहाऱ्याला उभ्या. शेजारणी काय चाललंय बघायला जमल्या, त्यातली एक हात धुवायला तांब्या घेऊन पुढे आली, तर गयाबाई तिच्यावर ओरडल्या, “मागं हो! दगडाला पानी लागू देऊ नगंस!”

त्या दगडांना मुंग्या लागल्या नाहीत.

धातू या वेळी थोडासा निघाला. पेढ्यालायक अजिबात नाही. विभागप्रमुखांनी निबंधाचा मथळा खोडला आणि पुन्हा विषय काढला नाही. शिष्यवृत्ती संपली होती. शिवलीला आठवड्यातले काही दिवस लातूरला शिकवणीच्या वर्गावर रसायनशास्त्र शिकवायची आणि बाकीचे दिवस येऊन खोलीत बसायची. वडील रागावले होते, गूळ मात्र पाठवत होते.

थेंब घेऊन ती पुन्हा हैदराबादला गेली. यंत्राच्या खोलीबाहेर तेच साहेब उभे. त्यांनी तिच्या गळ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरची खुंटी दाखवली आणि म्हणाले, “डबी इथं ठेवा. बाकी चालेल.” त्यांच्यासारख्या माणसाकडून याहून मोठी माफी मिळत नाही.

मोजणी झाल्यावर फोन शिवलीलाचा नाही, साहेबांचाच आला. म्हणाले, “बाई, हा आकडा आता कुठल्याही बाटलीशी जुळत नाही.” देवळीतले खालचे पापुद्रे सांगत होते की समुद्र गुदमरलेला होता, जग म्हणतं तसाच. पण वर येता येता जड अणू थोडे थोडे वाढत गेले होते. भरभरून श्वास वगैरे काही नाही. आजारी माणूस रात्रभर तळमळून पहाटे जरा शांत श्वास घेऊ लागतो, तेवढाच बदल. त्या इवल्याशा बदलावर शिवलीलाचा प्रबंध उभा राहिला. परीक्षकांनी तो उलटासुलटा करून पाहिला, ढळला नाही. पहिल्या, गोड झालेल्या दगडांवर तिनं त्यात एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं. गुळाचं पाणी, पावडर, मुंग्या, सगळं. ते कशाला, असं मी म्हटलं होतं. ती म्हणाली, “दुसरं कुनी हरबऱ्याच्या गावात दगड काढायला गेलं तर? त्याला कळायला पायजे की.” सर्वात जास्त वाचलं जातं ते प्रकरण तेच.

आता ती लातूरला महाविद्यालयात शिकवते. विद्यार्थ्यांना घेऊन विहिरीवर जाते. निवृत्तीनंतर माणसाला आपलं काय उरलं याची मोजदाद करायची खोड लागते. यंत्र आलं नाही, कितीतरी जुने थर खाणीत आणि बांधाखाली गेले, ते मी वाचवू शकले नाही. पण एक देवळी उघडी आहे आणि तिच्यासमोर वाकून बघणारी मुलं आहेत. मला तेवढ्यानं झोप चांगली लागते.

गेल्या दिवाळीत गयाबाईचा निरोप आला म्हणून मी आणि शिवलीला गेलो. दिवेलागणीची वेळ होती. त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला होता, विहीर तुडुंब नव्हती, पाणी देवळीच्या जरा खालीच थांबलं होतं. गयाबाईनं पणती पेटवली आणि विहिरीच्या काठावर ठेवली. वारा नव्हता, ज्योत सरळ उभी राहिली. ही ज्योत जळायला जे लागतं ते मुळात पृथ्वीवर कधी आणि कसं साठत गेलं, एवढं शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली, हे मला तिथं उभं राहून नव्यानं जाणवलं. रिक्षावाल्याला उत्तर द्यायचं तर मी त्याला त्या काठावर आणलं असतं.

मी गयाबाईंना म्हटलं, “अहो, देवळी दिव्यासाठीच असते ना? आत ठेवा की. शिडी आहेच.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी नवशिक्या पोरींकडे बघत असे.

“आत न्हाई ठिवत बाई,” त्या म्हणाल्या. “तुमच्या समुद्राला काजळी लागंल.”